बाबांचं उभं पाणी

आमचे बाबा जावई जलरंगात तपासायचे. नोकरीभर त्यांनी दुकानदारांची वजनं आणि काटे तपासले. निवृत्त झाल्यावर हात शिवशिवायला लागले, आणि घरात तपासण्याजोगी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे माझ्याशी लग्न करायला तयार झालेला माणूस.

पद्धत ठरलेली होती. त्याला सकाळी गाडीत घालून तळ्यावर न्यायचं. समोर डोंगर, खाली पाणी. घडीच्या स्टुलावर बसवायचं, चिकटपट्टीने फळीवर डकवलेला कागद, ब्रश आणि रंगांची डबी हातात द्यायची आणि म्हणायचं, "काढा." पहिल्या स्थळाने मोबाइलवर फोटो घेतला आणि "घरी जाऊन निवांत रंगवतो" म्हणाला. त्याचा निकाल तिथेच लागला. दुसऱ्याने पांढऱ्या रंगाची ट्यूब मागितली. जलरंगात पांढरं हवं तिथे कागद कोरा सोडतात, वरून पांढरा फासत नाहीत. बाबांच्या लेखी पांढरी ट्यूब मागणं म्हणजे तराजूच्या पारड्याखाली मेण चिकटवणं. त्या दोघांबद्दल मला काडीचंही दुःख झालं नाही, कारण दोघंही आत्याने शोधलेले होते.

तिसरा मात्र मी शोधला होता. दातांचा डॉक्टर. बाबा त्याला पाठीमागे 'दातवाला' म्हणत. दिवसभर ज्यांना उत्तर देता येत नाही अशा लोकांशी बोलून तो इतका शांत झाला होता की माझ्यासारख्या तोंडाळ बाईशेजारी शोभून दिसायचा. तो मला हवाच होता. परवानगीसाठी माझं काही अडलं नव्हतं, लग्न आम्ही केलंच असतं. पण बाबा रुसले की तोंड पाडून बसतात. मामाच्या लग्नात ते तसे बसले होते आणि फोटोत अजून बसलेले आहेत. माझ्या लग्नात ते तोंड बघत उभं राहायची माझी छाती नव्हती.

म्हणून मी दातवाल्याची शिकवणी घेतली. त्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, वर्तमानपत्र पसरून. "आधी आभाळ, ओल्या कागदावर. मग डोंगर, वरून खाली, मग पायथ्याची झाडं. काळ्या रंगाला हात लावलास तर लग्न मोडलं." बिचारा मान डोलवायचा आणि चिमटीत ब्रश असा धरायचा की डोंगराला भूल द्यावी लागेल की काय असं वाटावं. लहानपणापासून बाबांच्या शेजारी पाण्याचा डबा धरून बसल्यामुळे चित्रकलेतलं मला जे येत होतं ते सगळं बाबांचं होतं. तेच मी त्याच्यात उतरवलं. पाण्यासकट. इथेच माझी अक्कल शेण खायला गेली होती.

कारण बाबांचे डोंगर चांगले असतात. वडील म्हणून म्हणत नाही, खरंच चांगले असतात. पण पाणी त्यांना जन्मात जमलं नाही. एक थर वाळायच्या आत दुसरा, दुसऱ्यावर तिसरा. शेवटी तळं डोंगराच्या पायथ्याशी रंगवलेल्या भिंतीसारखं उभं राहतं. आमच्या प्रत्येक नातेवाइकाकडे अशी एकेक भिंत आहे. आत्याने तिची संडासाच्या दारासमोर लावली आहे. बाबा येणार असले की ती दिवाणखान्यात येते. तोंडावर मात्र सगळे पाण्याचीच तारीफ करतात. आई तर चित्राकडे न बघताच "आज पाणी छान उतरलंय" म्हणते आणि चहा ठेवायला जाते.

परीक्षेच्या दिवशी दोघं शेजारी शेजारी बसले आणि मी मागे थर्मास घेऊन. ऊन कोवळं होतं, वारा नव्हता, बाबा रंगात आले होते. स्वतःच्या तळ्यावर शेवटचा भरपूर ओला हात फिरवून त्यांनी शेजारच्या फळीकडे मान वळवली.

"आभाळ ठीक आहे," ते म्हणाले. "डोंगर बरा आहे." माझा जीव भांड्यात पडायला लागला होता. मग त्यांची नजर खाली आली. "आणि हे काय आहे? पाणी आहे की पडदा? पाणी कधी असं उभं राहतं का, डॉक्टर? जीवच नाही त्यात. कोणी शिकवलं तुम्हाला असं?"

दातवाल्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "माझंच चुकलं, काका," तो म्हणाला.

हे मला सहन झालं नाही. "त्याचं काही चुकलेलं नाही," मी म्हणाले. "ते तुमचं पाणी आहे, बाबा."

बाबांनी त्याच्या फळीकडे पाहिलं, मग आपल्या. पुन्हा त्याच्या. दोन्हीकडे तेच निळसर राखाडी, तसंच थापलेलं, तसंच उभं. त्यांनी ब्रश खाली ठेवला. "मी जरा जाऊन येतो," म्हणाले आणि झुडपांमागे गेले. ते ज्या कामासाठी गेल्याचं दाखवत होते त्यासाठी गेले नव्हते, नुसते पाठ करून उभे होते. पाठीवरूनही तोंड पडलेलं कळत होतं. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, जास्त करून स्वतःचाच.

इकडे बाबांच्या कागदावर शेवटचा ओला थर फळीच्या उतारावरून ओघळत तळ्याच्या मधोमध साचला होता. कागद तिथे जरा दबला होता, आणि त्या खळग्यात रंगीत पाण्याचं डबकं थरथरत होतं. दातवाला त्याच्याकडे टक लावून बघत होता.

"हात लावू नकोस," मी म्हणाले.

पण तोंडात ओल साचली की ती टिपायची, ही त्याची दिवसभराची सवय. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत खिशातून कापसाची गुंडाळी निघाली आणि या काठापासून त्या काठापर्यंत आडवी, हलकेच फिरली. मग तो आपल्याच हाताकडे दुसऱ्या कोणाचा असल्यासारखं बघत राहिला.

"काय केलं मी?"

"बाबांचं चित्र पुसलंस," मी म्हणाले, आणि मग चित्राकडे पाहिलं.

कापूस फिरला होता तिथे रंग उचलला गेला होता आणि खालचा कागद उजळून वर आला होता. डोंगराखाली उजेडाची एक लांब पट्टी पडली होती, तिच्या कडा ओलसर, विरलेल्या. तळं आडवं झालं होतं. माझ्या आठवणीत बाबांच्या चित्रातलं पाणी पहिल्यांदाच आडवं पडलं होतं.

बाबा परतले. वारा आला, फळी कलंडली, असं काहीतरी ठोकून द्यायची माझी तयारी होती. पण दातवाला उठून उभा राहिला. "काका, मी कापसाने टिपलं. ओल साचली होती, हात थांबला नाही. माफ करा."

बाबा वाकले. चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा लावला. मी त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यांवर नजर ठेवून होते, खाली येतात की काय म्हणून. मग ते म्हणाले, "कापूस आहे का रे अजून?"

"आहे."

"मग इथे काठाशीही टिप. हलक्या हाताने हं."

"मी हलक्या हातानेच टिपतो, काका," दातवाला म्हणाला. त्या दिवसातलं त्याचं तेवढंच उलट उत्तर.

परतताना गाडी मी चालवली. मागे ते दोघं, आणि दोघांच्या मांड्यांवर मिळून बाबांची फळी, ओला रंग ओघळू नये म्हणून सपाट धरलेली.

"सगळ्यांना माहीत होतं?" बाबांनी विचारलं.

"काय?"

"पाण्याचं."

"हो."

"तुझ्या आईलाही?"

"आईला सगळ्यांत आधी."

"आत्याला?"

"आत्याने संडासासमोर लावलंय, बाबा."

दातवाल्याला ठसका लागला. बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. "मग इतक्या वर्षांत बोललं कसं नाही कोणी?"

"तुम्ही तोंड पाडून बसता म्हणून."

पुढच्या वळणावर त्यांनी फळी नीट सावरली, आणि दातवाल्यानेही आपल्या बाजूने सावरली. मग बाबा म्हणाले, "लग्नानंतर याचं काही खटकलं तर लगेच सांगत जा. म्हातारा होईपर्यंत वाट बघू नकोस."

"बरं."

"आत्ताच सांग, खरं तर. झाडं भिकार काढतो हा."

मी गिअर बदलला. सांगावं की नाही, याचा एक क्षण विचार केला.

"झाडंही तुमचीच आहेत, बाबा."

आरशात मला त्यांचं तोंड दिसत होतं. त्यांनी मांडीवरच्या चित्रातली झाडं निरखून पाहिली, एकेक करून, काट्यावर ठेवल्यासारखी.

"मग पुढच्या रविवारी झाडं," ते दातवाल्याला म्हणाले. "कापूस जास्त आण."