वाळूच्या दांड्यावर

माझा मुलगा ड्वाइट शुक्रवारी येणार होता. तोवर त्याची नवी बायको माझ्या हवाली होती, आणि माझ्या हवाली केलेले माणूस मी आजवर कधी गमावलेले नव्हते.

नोरीन नेब्रास्काची, मक्याच्या शेतांत वाढलेली. समुद्र तिने पहिल्यांदा पाहिला तो आमच्या या बेटावरच. दरवर्षी सप्टेंबरातले दोन आठवडे आमचे कुटुंब इथे, खांबांवरच्या त्याच घरात घालवते. आणि या घराण्यात आलेल्या प्रत्येकाने किनाऱ्यावरून मासा धरायला शिकलेच पाहिजे, हा दंडक माझ्या नवऱ्याने, वॉल्टरने, घातला. तो गेल्यावर मी चालवला.

बुधवारी तिला खाडीच्या बाजूला खेकड्यांवर बसवले. सुतळीला कोंबडीची मान बांधायची, पाण्यात सोडायची, सुतळी ताणली की बोटाबोटाने ओढायची आणि खालून अलगद जाळे घालायचे. घाई करणाऱ्याला खेकडा मिळत नाही. नोरीनने चौदा काढले. एकाने तिचा अंगठा धरला तेव्हा ती ओरडलीसुद्धा नाही.

"हेस्टर, ही पोरगी तुझ्यापेक्षा चिवट निघाली," माझा धाकटा भाऊ रूफस म्हणाला. मला ते आवडले नाही, हेही सांगून ठेवते.

गुरुवारी सकाळी आम्ही तिघे ट्रक घेऊन समुद्राच्या बाजूला वाळूवर उतरलो. मी तिला वॉल्टरची छातीपर्यंतची रबरी विजार चढवली. विजारीचा कमरेचा पट्टा कुठेतरी हरवला होता. एका सकाळीने काय बिघडते, असे मी म्हटले. मग वॉल्टरची गळाची काठी तिच्या हाती दिली.

"ही हातातून सोडायची नाही. लाट येवो, मासा येवो, काही होवो. काठी घालवलीस तर मला तोंड दाखवू नकोस."

"हो, मिस हेस्टर."

तिचे गळ जवळच पडत राहिले. रूफस हसून म्हणाला, "अगं, तिथे मासे नाहीत, तिथे माझे बूट आहेत!"

तीही हसली. मग तिने दूरवर लाटा फुटत होत्या त्या पांढऱ्या रेषेकडे बोट दाखवले. "तिथपर्यंत कसा टाकायचा?"

"तिथे चालत जायचं," मी म्हणाले. "पाण्याखाली वाळूचा दांडा आहे. ओहोटी आहे, मधल्या घळीत कमरेएवढं पाणी. अर्ध्या तासाने परत ये."

रूफस खिसा चाचपू लागला. "भरतीचा तक्ता बघू का एकदा?"

"एकाहत्तर वर्षं मी हा किनारा बघतेय, रूफस. मला कागद दाखवतोस?"

त्याने कागद खिशातच ठेवला. ओहोटी केव्हाच संपली होती. त्यातून रात्रभर ईशान्येचा वारा होता, आणि तो वारा पाणी किनाऱ्यावर लोटतो, हे मला लहानपणापासून ठाऊक होते. त्या सकाळी मला ते आठवावेसे वाटले नाही.

मी थर्मासमधून कॉफी ओतली. मान वर केली तेव्हा नोरीन दांड्यावर मांडीभर पाण्यात उभी होती. ती दांड्यावर चढली तेव्हा ते घोट्याला होते. मग माझी नजर घळीकडे गेली. मघाशी फिकट हिरवे दिसणारे पाणी काळेशार झाले होते आणि दक्षिणेकडे वाहत होते.

"परत ये!" मी ओरडले. वाऱ्याने माझा आवाज माझ्याच तोंडावर फेकला. नोरीनने कानामागे हात धरला, हसली आणि मला हात केला.

मी दोन्ही हातांनी खुणा केल्या. तिला कळले. ती वळली, घळीत एक पाऊल टाकले आणि छातीपर्यंत खाली गेली. कशीबशी मागे दांड्यावर चढली. आता ती हसत नव्हती. काठी मात्र तिने दोन्ही हातांनी डोक्यावर धरली होती, ओली होऊ नये म्हणून.

"मी जातो," रूफस बूट काढू लागला.

"छातीत मशीन बसवलंय तुझ्या! दोघांना कशी ओढून आणू मी?"

"मग मदत आणतो."

"चार मैल जायचं, चार मैल यायचं. तेवढा वेळ नाही तिला."

एक लाट तिच्या खांद्यावर फुटली. तोल सावरायला तिने एक हात पसरला, दुसऱ्यात काठी. पट्टा नसलेल्या त्या विजारीत पाणी शिरले की काय होते, ते मी पाहिले आहे. माणूस पोहत नाही. उभ्याने तळाला जातो.

ट्रकमध्ये खेकड्यांच्या पिंजऱ्यांचा नायलॉनचा दोर होता, करंगळीएवढा, पण मजबूत. तो हाताने तीस वाव, जवळजवळ दोनशे फूट, फेकणे कोणालाच शक्य नव्हते. गळाच्या काठीचा तंगूस मात्र तिथवर जाऊ शकत होता. मी माझी काठी उचलली, गळ कापून टाकले, टोकाला नुसते शिशाचे वजन ठेवले. चार औंस शिसे. डोक्यात बसले तर तिथेच संपले.

पहिली फेक घळीत पडली. दुसरी वाऱ्याने पार उजवीकडे नेली. मी रीळ गुंडाळले, पण डोळे तिच्यावरून हलेनात.

"बघू नकोस तिच्याकडे," रूफस हलकेच म्हणाला. "तिच्यामागच्या लाटेकडे बघ. तूच शिकवलंस मला."

तिसरी फेक मी तिच्या उजव्या खांद्यावरून मारली. शिसे हवेत असताना मी श्वास घेतला नाही. ते तिच्यापलीकडे पडले आणि तंगूस तिच्या दंडावर उतरला. तिने तो धरला. मी किनाऱ्याकडचे टोक कापून दोराला बांधले, दोराचे दुसरे टोक रूफसने ट्रकला.

"ओढ!" आम्ही दोघे खुणा करत होतो. तिला कळत होते. पण एका हाताने ओढणार कशी? ती काठी काखेत धरू पाहत होती, लाट ती उपटत होती, आणि ती पुन्हा तंगूस ओढायचा सोडून काठीच धरत होती.

"टाक ती!" मी किंचाळले. "टाक, पोरी, टाक!"

ऐकू जात नव्हते. तिचे डोळे माझ्यावर होते. तेव्हा मी माझी काठी, ड्वाइटच्या जन्माच्या वर्षी घेतलेली, तिला दिसेल अशी डोक्यावर उंच धरली आणि सर्व जोर लावून समुद्रात भिरकावली.

नोरीन क्षणभर तशीच राहिली. मग तिने मूठ उघडली.

तिने दोर ओढून घेतला, काखेखालून गुंडाळला. गाठ धड नव्हती. खेकड्याची सुतळी बांधावी तशी तिने ती बांधली. रूफसने ट्रक इंचाइंचाने मागे घेतला आणि मी कमरेभर पाण्यात दोर धरून उभी राहिले. घळीच्या मध्यावर तिचे डोके दिसेनासे झाले. दोर जड झाला, दगड बांधल्यासारखा. मी आकडे मोजू लागले. अकरापर्यंत मोजले. बाराव्याला तिचे केस माझ्या हाताला लागले.

वाळूवर आम्ही आमिष कापायच्या सुरीने ती विजार फाडली. तिने पाणी ओकले, पुन्हा ओकले, आणि पहिले शब्द बोलली ते असे: "काठी गेली, मिस हेस्टर. माफ करा. मी धरून ठेवली होती हो."

मी तिच्या डोळ्यांत पाहिले, आणि तिथले भय पाण्याचे नव्हते, माझे होते.

रूफसने तिच्याभोवती घोंगडी लपेटली आणि आम्ही निघालो.

चार मैलांवरच्या दुकानातून मी ड्वाइटला फोन लावला. ओल्या कपड्यांनीच उभी होते. तक्ता, पट्टा, काठी, मी तिला काय बजावले होते ते, सगळे सांगितले. काही वगळले नाही. तो एवढेच म्हणाला, "फोन तिला दे."

मी बाहेर ट्रकपाशी जाऊन थांबले. काचेतून नोरीनची पाठ दिसत होती. दांड्यावर लाटा तिच्यावर फुटत असताना मला जे वाटले, तेच पुन्हा वाटू लागले. फक्त आता फेकायला माझ्या हाती काही नव्हते.

ती बाहेर आली. "तो विचारतोय, आत्ताच घ्यायला येऊ का."

"मग? काय म्हणालीस?"

"विचार करते म्हणाले."

मी तिच्यासाठी ट्रकचे दार उघडून धरले. ती माझ्याकडे न पाहता आत बसली, आणि मी दार हळूच लावले.