गॅलरीतले बाळंतपण

निसर्गासाठी माणसाने सुखाचा त्याग करायला शिकले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. ते मी नेहमी एसी लावून, अंगावर पांघरूण ओढून मांडत असे.

यंदा बुलबुलांच्या जोडीने आमच्या गॅलरीतल्या जाईच्या वेलीत घरटे केले. नेमके एसीच्या बाहेरच्या डब्यासमोर. डब्याची गरम फुंकर थेट अंड्यांवर. बायकोने रिमोट शिलाई मशीनच्या खणात टाकला.

"अगं, पाखरं ती. जातील दुसरीकडे!"

"कुठे जातील? बघा जरा खाली."

पाहिले. डांबर, गाड्या, त्यांच्यावर पत्रे. पूर्वी तिथे शिरीषाची झाडे होती. ही खिडकीशी कपडे शिवत बसायची, कातरलेले धागे चौकटीवर ठेवायची आणि बुलबुल ते घरट्यासाठी उचलून न्यायचे. शेजारणीच्या झग्याचा हिरवा धागा कुठल्या फांदीवर नांदतोय, ते पानगळीत कळायचे. पंखासुद्धा आम्ही पाहुणे आले तरच लावायचो. मग गाड्यांना सावली हवी म्हणून लोकांनी झाडे तोडली आणि पत्रे घातले. पत्रे तापले, आम्ही एसी घेतला, पाखरे गेली. उरली कबुतरे. त्यांना काहीच लागत नाही, लाजसुद्धा.

"दर उन्हाळ्यात धागा ठेवत आले," ती हळूच म्हणाली. "या खेपेला कुणीतरी उचलला."

मी ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसलो. मेहुणा आला, बघतच राहिला.

"दाजी, संन्यास घेतलात की काय?"

"नाही रे. घरात बाळंतपण आहे."

एका दुपारी उन्हाने कहर केला. मादी चोच वासून, पंख पसरून पिल्लांवर सावली धरून बसली होती. पिल्लांची हालचाल दिसेना. बायकोने माझ्या डोक्यावरचा टॉवेल काढला आणि वेलीवर टांगला. संध्याकाळपर्यंत आम्ही तो आळीपाळीने भिजवत राहिलो. ऊन उतरले तशा इवल्या चोची वर आल्या, तेव्हा कुठे बायको खाली बसली.

पुढे पिल्लांना पंख फुटले आणि एका सकाळी घरटे रिकामे दिसले. कडेला लाल धागा तेवढा लोंबत होता. मला भरून आले.

"ठरलं! आता एसी कायमचा बंद. खाली पुन्हा शिरीष लावायचे. त्यासाठी सगळ्या बिल्डिंगशी भांडेन मी!"

"भांडा ना," कपाळ पुसत ती म्हणाली. "जाताना खणातला रिमोट तेवढा द्या."