कोरी पट्टी

सून टेबलाखाली ओणवी होऊन राउटरची वायर काढत होती आणि सासूबाई खुर्चीच्या पाठीला धरून वरून सूचना देत होत्या.

"बंद करून चालू केलंस?"

"दोनदा केलं, आई," सून त्यांच्याकडे तोंड वर करून म्हणाली.

"मग जरा दम घेऊ दे त्याला."

राउटरचे दिवे सगळे हिरवे लागले. लॅपटॉप मात्र ढिम्म. सुनेने तो बंद करून चालू केला, पासवर्ड पुन्हा घातला, शेवटी उचलून अगदी राउटरच्या मांडीवर नेऊन ठेवला. स्क्रीनवर तेच: वायरलेस बंद आहे.

सुनेच्या नवऱ्याचा व्हिडिओ कॉल पाचला यायचा होता. परदेशातलं त्याचं काम या महिन्यात संपत होतं. करार वाढवायचा की कायमचं घरी यायचं, ते तो आज आईला सांगणार होता. घरात दोघीच, दोघींचे मोबाइल साधे, बटणांचे; आणि फोनवर नुसत्या आवाजाने सासूबाईंना काही कळत नसे. त्यांना बोलणाऱ्याचे ओठ दिसावे लागत. त्यामुळे सगळी भिस्त या एका लॅपटॉपवर.

सासूबाईंचा पाय एका जागी ठरत नव्हता. त्या खिडकीशी गेल्या, पडदा सारखा केला, परत आल्या, घड्याळ बघितलं आणि पुन्हा पडद्याकडे वळल्या. त्या पडद्याने त्यांचं काय घोडं मारलं होतं कोण जाणे.

"दुरुस्तीवाल्याला बोलावते," सून त्यांच्यासमोर येऊन म्हणाली.

"कशाला? उद्या बोलू की त्याच्याशी. आभाळ कोसळत नाही."

शनिवार कधी उजाडतोय म्हणून ज्या बाईने आठवडाभर डोकं खाल्लं, तिला आता उद्या चालणार होतं?

या घरात हात लागू नये अशा प्रत्येक बटणावर सासूबाईंची चिकटपट्टी असे. फ्रिजच्या, पंपाच्या, वॉशिंग मशीनच्या. लॅपटॉपच्या कडेला वायरलेसचं इवलंसं सरकतं बटण होतं, त्यावरही. पट्टी आहे म्हणजे बटण जिथल्या तिथे आहे, हे इतकं अंगवळणी पडलेलं की तिथे बघायचं सुनेच्या डोक्यातच आलं नव्हतं. आता तिने लॅपटॉप उजेडात तिरका धरला. घरातल्या बाकी सगळ्या पट्ट्या पिवळ्या पडलेल्या, कडांना मळ धरलेल्या. ही कोरी होती.

तिने नखाने पट्टी उचलली. बटण बंद केलेलं होतं.

सासूबाई खुर्चीत बसल्या.

"ऐकलं नाही तोवर तो येणारच आहे ना," त्या म्हणाल्या. "आणखी एक दिवस तसंच राहू दे म्हटलं."

सुनेला राग येईना आणि हसूही येईना. पट्टी बोटाला चिकटली होती, ती सुटत नव्हती.

"आई, तो येत नाहीये. आणखी दोन वर्षं. मला मंगळवारीच फोन आला होता."

"आणि बोलली नाहीस?"

"त्याला म्हटलं, तूच सांग आईला, समोर बसून. दर वेळी मीच का?"



"म्हणून मंगळवारपासून ताटावरून तशीच उठत होतीस होय. मला वाटलं, पित्त झालंय." मग म्हणाल्या, "एकटीच घेऊन बसलीस."

सुनेला एकदम फार एकटं वाटलं, आणि लगेच तितकं वाटेनासंही झालं. तिने डोळे पुसले.

सासूबाईंनी लॅपटॉप पुढ्यात ओढला, बटण स्वतःच सरकवलं आणि शेजारच्या खुर्चीवर थाप मारली. थोड्याच वेळात रिंग वाजू लागली. तो बहुधा मघापासून लावत होता.

"बस इथे. आणि मला माहीत आहे, हे त्याला कळू देऊ नकोस," चष्मा पुसत त्या म्हणाल्या. "सांगताना जरा जड जाऊ दे त्याला."