पिवळी टाकी

इस्लामपूरच्या प्रयोगशाळेत ब्राह्मीने टाकीतलं सूक्ष्म शेवाळ मुद्दाम नत्रावाचून उपाशी ठेवलं होतं. नत्र संपलं की त्याची वाढ थांबते आणि पेशी तेलाचे थेंब साठवू लागतात. त्या तेलावाचून तिचा प्रबंध अडला होता. सोमवारी येऊन पाहते तर पिवळी पडलेली टाकी हिरवीगार!

"मूठभर युरिया टाकला," राखणदार जवाहरमामा खुशीत म्हणाले. "पिवळ्या उसाला टाकतो तसा. लय झ्याक झालं की न्हाई?"

तिने सूक्ष्मदर्शकात पाहिलं. साठवलेलं तेल वापरून पेशी भराभर वाढत होत्या.

"काय चुकलं का, ताई?"

ब्राह्मी स्टुलावर टेकली. "त्यांचं पोट भरलंय, मामा. आता परत उपाशी ठेवायचं. युरियाचं पोतं तेवढं घरी न्या."