टाकीचा श्वास

“बंकटमामा, या टाकीत हवा कुठून जाती?”

प्रियदर्शनीनं विचारलं आणि बांधावर बसलेली तिची वर्गमैत्रीण योगिता ओढणीत तोंड खुपसून हसली. पैज तिचीच. वर्गातला प्रश्न बंकट मिस्त्रीला विचारून दाखव, पान्हा घेऊन मागं लागंल!

बंकट आधीच कावला होता. सकाळपासून ट्रॅक्टर पंधरा मिनिटं चालायचा, धापा टाकत बंद पडायचा. जरा थांबलं की पुन्हा सुरू. फिल्टर बदलून झाला, पायपातली हवा काढून झाली.

“डिझेलात हवा शिरू न्हाई म्हणून तर मरायलोय मी!” तो प्रियदर्शनीच्या बापाकडं, शहादेवकडं वळला. “पंप अंबाजोगाईला न्यावा लागंल. आठ दिवस धर.”

शहादेवनं ढेकूळ उचलून मुठीत दाबलं. निम्मी ज्वारी पेरायची राहिली होती.

“आठ दिवस ओल ऱ्हाती व्हय?”

प्रियदर्शनी हटली नाही. “पण मामा, तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल नीट पडतं का? दुसरं पाडावंच लागतं की.”

बंकटचा हात थांबला. त्यानं आधी पोरीकडं बघितलं, मग टाकीकडं.

“उघड बरं झाकण.”

ती चढली. झाकण फिरवलं तशी टाकीनं ‘फुस्स’ करून एवढा मोठा श्वास ओढला, की योगिता उठून उभीच राहिली.

झाकण सैल ठेवून शहादेवनं पेरणी धरली. एक फेरा, दुसरा, पाचवा. अर्धा तास झाला तरी ट्रॅक्टर थांबायचं नाव घेईना.

तो परत आल्यावर बंकटनं झाकणाचं हवेसाठीचं बारीक भोक तारेनं कोरलं. आतून हळदीकुंकवाचा वाळका खडा निघाला.

“दसऱ्याला पूजा कुणी केल्ती?”

भाकरी घेऊन आलेली शहादेवची बायको रुक्मिणी काही बोलणार, एवढ्यात प्रियदर्शनीनं आपला अंगठा पुढं केला.

“मीच. चांगलं दाबून लावलं.”

“लई भक्ती केलीस बाई! नाकच बुजवलं त्याचं!” बंकट पोट धरून हसला. हसता हसताच त्यानं पान्हा तिच्या हातात दिला. “घे. फिल्टर तू आवळ. अंदाजानं, भक्तीनं नको.”

तिनं आवळला. कोपरापर्यंत काळी झाली.

“हात पूस अन् जेव,” रुक्मिणी म्हणाली.

प्रियदर्शनीनं हात पुसले नाहीत.

“दादा, माय, ऐका. दहावी झाली की मी आयटीआयला जाणार. डिझेल मेकॅनिक. अन् पुढच्या दसऱ्याला झाकणावर नुसतं झेंडूचं फूल.”