मास्तरांचं नाक

"फोडून टाक तो डबा!" मास्तर कडाडले. "धडधडीत खोटं बोलतोय."

"बाबा, डबा कशाला खोटं बोलेल? त्याला कुणाची भीड आहे?" लेक म्हणाली आणि तिनं पुन्हा पडद्याकडे पाहिलं. अकरा पॉइंट दोन.

डबा म्हणजे तिनं दीड महिना खपून बनवलेला मीटर. लेक उपकरणं दुरुस्त करणाऱ्या कंपनीत होती. इंजिनात पेट्रोलला किती हवा मिळतेय, ते तिचा मीटर धुरावरून सांगायचा. बाजारात स्वस्तातला सेन्सर मिळत होता, पण तो पेट्रोल जास्त की कमी एवढंच सांगणारा. नेमका आकडा सांगणारा महाग. तिनं महागातला घेतला, घरीच सर्किट जोडलं, आणि सायलेन्सरच्या तोंडात अडकवता येईल अशा नळीत तो बसवला. पंधराच्या जवळ आकडा आला की ठीक. अकरा म्हणजे इंजिन पेट्रोल नुसतं ढोसतंय.

आणि समोरची गाडी कालच मास्तरांनी आपल्या गॅरेजात ट्यून केली होती.

मास्तरांना मीटर हवा होता कुठे? जुन्या गाडीच्या कार्बोरेटरमधलं पेट्रोल-हवेचं प्रमाण जुळवावं तर त्यांनीच, असा त्यांचा लौकिक. स्क्रू आत घेत पेट्रोल कमी करायचं, सायलेन्सरपाशी वाकून हुंगायचं, आणि कच्च्या पेट्रोलचा वास तुटला की थांबायचं. अडतीस वर्षं हीच रीत. लोक पाठीमागे त्यांना 'नाक'च म्हणत, आणि मास्तर त्या नाकावर माशी बसू देत नसत. हल्ली मात्र नवी गिऱ्हाइकं 'मीटर नाही तुमच्याकडे?' असं विचारून निघून जायची, म्हणून लेकीनं हा घाट घातला होता.

तिनं नळी मोकळ्या हवेत धरून मीटर तपासला. ठीक होता. मग दारातल्या दुसऱ्या गाडीला लावला. ती परवाची. दहा पॉइंट नऊ.

"बघ! दोन-दोन गाड्या एकदम बिघडतात होय? तुझंच काहीतरी चुकलंय," मास्तर म्हणाले. आवाजात मघाचा जोर नव्हता.

तेवढ्यात टॅक्सीवाला आला. वीस वर्षांपासूनचं गिऱ्हाईक. त्याची गाडी गेल्याच आठवड्यात मास्तरांच्या हाताखालून गेली होती. आज तो नुसता आरसा बसवायला आला होता, पण मास्तरांनी त्याला इंजिन बंदच करू दिलं नाही.

"लाव हिला. होऊन जाऊ दे सोक्षमोक्ष."

आकडा वर सरकत गेला आणि थांबला. चौदा पॉइंट सहा.

मास्तरांनी मांडीवर थाप मारली. "काय गं? आता का दातखीळ बसली? याला म्हणतात हात!"

लेक गोंधळून पडद्याकडे बघत राहिली. टॅक्सीवाला मात्र हसला नाही. तो खाली मान घालून उभा होता.

"मास्तर, रागावणार नसाल तर सांगतो. तुमच्याकडून निघालो ना, की मी पुलापलीकडच्या गॅरेजात जातो. तिथं स्क्रू पाऊण फेरा आत घेतात."

"कधीपासून?"

"झालं असेल वर्ष."

"मग इथं कशाला येतोस मरायला?"

"असं कसं मास्तर? इतक्या वर्षांचं येणंजाणं. तुम्हाला काय वाटलं असतं?"

मास्तरांचं तोंड उतरलं. त्यानं चारचौघांत थोबाडीत मारली असती, तरी इतकं लागलं नसतं.

"बाबा, जरा डोळे मिटा," लेक हळूच म्हणाली. तिनं त्यांच्या नाकाखाली काहीतरी धरलं. "कसला वास येतोय?"

मास्तरांनी श्वास ओढला. पुन्हा जोरात ओढला.

"पाणी आहे," ते म्हणाले.

डोळे उघडले तर समोर पेट्रोलनं निथळणारं फडकं होतं, आणि तीन हातांवर टॅक्सीवाल्यानं नाकाला रुमाल लावला होता.

वर्षापूर्वी मास्तर पंधरा दिवस तापानं अंथरुणाला खिळले होते. उठल्यावर जेवण बेचव लागायला लागलं, तर बायकोचा हात बिघडला म्हणून तिच्याशीच भांडले. नाक गेलंय हे त्यांच्या डोक्यातच शिरलं नाही. वाकून हुंगायचे, वास यायचा नाही, म्हणजे तो तुटला असं समजून स्क्रू सुरुवातीलाच थांबवायचे आणि पेट्रोल जास्तच राहायचं. वर्षभर! किती गाड्या गेल्या असतील हाताखालून? ते स्टुलावर मटकन बसले.

"फोन दे माझा," ते म्हणाले. "सगळ्यांना परत बोलावतो."

पहिला फोन त्यांनी शाळेच्या बाईंना लावला. नवऱ्यामागे त्याचीच जुनी गाडी त्या जिवापाड जपून चालवत होत्या. काळा धूर येतो, पेट्रोल पुरत नाही, म्हणून तीनदा आल्या होत्या. तिन्ही वेळा मास्तरांनी हुंगलं, आणि शेवटी निकाल दिला होता, "इंजिन संपलंय बाई. आता सोडा हिचा नाद."

"बाई, मी मास्तर बोलतोय. चूक माझी होती. तुमचं इंजिन ठणठणीत आहे, माझंच नाक गेलंय. उद्या सकाळी गाडी आणा. हात जोडतो, पण आणा."

"मास्तर, ती भंगारात दिली हो मी. दोन महिने झाले."

"भंगारात?"

"तुम्ही म्हणालात ना. ह्यांची गाडी होती ती, दुसऱ्या कुणाचं मी ऐकलं नसतं."

बाईंनी फोन ठेवला. मास्तरांचा हात कानापाशी तसाच राहिला. लेकीनं त्यातून फोन काढून घेतला. टॅक्सीवाल्यानं पुढे होऊन आपलं इंजिन बंद केलं.

मग मास्तर उठले. कालच्या गाडीपाशी गेले, तिच्या सायलेन्सरात मीटरची नळी अडकवली, इंजिन चालू केलं, त्यावर वाकले आणि त्यांनी स्क्रूवर पेचकस टेकवला.

"मोठ्यानं वाच," ते लेकीला म्हणाले.

ती एकेक आकडा वाचत गेली. प्रत्येक आकड्याला मास्तर "हं" म्हणत होते आणि स्क्रू केसभर आत फिरवत होते. मान त्यांनी एकदाही वर केली नाही.