ओमारची भुवई

"त्रुको," ओमार अगदी मवाळ आवाजात म्हणाला, आणि समोर बसलेल्या एवारिस्तोने पत्त्यांवरून नजर उचलली.

ओमारच्या हातात काही नव्हतं. पानं रद्दी असली की त्याचा आवाज असा मऊ येतो, हे त्याचा भिडू असलेल्या एवारिस्तोला तरुणपणापासून माहीत होतं. त्रुको हा थापांचाच खेळ. 'त्रुको' म्हणत बोली चढवून समोरच्याला घाबरवायचं, भिडूला डोळ्यांनी-ओठांनी चोरून खुणा करायच्या. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पण हाच आवाज एवारिस्तोने परवा दार्दोच्या मयतीला ऐकला होता. दार्दोच्या बायकोचे हात हातात घेऊन ओमार सांगत होता, "त्या दिवशी तो जरा पिऊन आला होता, वहिनी. मी अडवलं, पण ऐकेना."

मांसाच्या कारखान्यातल्या शीतगृहात अमोनियाचा नळ फुटला आणि दार्दो आतच गेला. नळ गळतोय म्हणून तो कितीतरी दिवस ओरडत होता. पाळीवर सोबतीला ओमार होता. आता कारखाना म्हणत होता, नशेत दार्दोनेच भलती चावी फिरवली. दार्दोला अल्सर होता. याच क्लबात, याच टेबलाशी तो नुसता सोडा पीत बसायचा आणि सगळे त्याची टिंगल करायचे.

त्याच्या खुर्चीत आज लारोसा होता, कारखान्याचा विभागप्रमुख. एरवी तो इकडे फिरकत नसे. क्लब चालवणारी नेलिदा, दार्दोची भिडू, आज नाइलाजाने लारोसाच्या बाजूने खेळत होती. लारोसाने घाबरून पानं टाकली. ओमार हसला, सलामी सॉसेजची चकती तोंडात टाकून त्याने बोटं चाटली. एवारिस्तोने मान फिरवली.

नेलिदा पत्ते पिसत असताना लारोसाने विषय काढला. सोमवारी सरकारी तपासनीस येणार होता. दार्दो पिऊन आला होता, हे ओमारने सांगितलंच होतं. आणखी एकाने दुजोरा दिला की प्रकरण मिटणार होतं. कारखान्यातल्या चाकूंना धार लावण्यात एवारिस्तोचं आयुष्य गेलेलं, त्याच्या शब्दाला मान होता. गुडघे दुखतात म्हणे, तर बसून करायचं एखादं कामही बघता येणार होतं.

एवारिस्तोने ओमारकडे पाहिलं. ओमारने भुवया उंचावल्या, त्रुकोतली ठरलेली खूण. तलवारीचा एक्का, खेळातलं सगळ्यात मोठं पान, माझ्याकडे आहे, बिनधास्त हो म्हण. पत्ते अजून वाटलेलेही नव्हते.

एवारिस्तो टेबलावर पुढे झुकला.

"दार्दोच्या तोंडाला कसला वास येत होता, ते मला सांग," तो म्हणाला. "माझ्याकडे बघून सांग."

ओमारने टेबलाकडे पाहिलं. "मला पोरंबाळं आहेत रे."

"त्यालाही आहेत."

नेलिदाने पत्त्यांना रबर लावलं आणि क्लब बंद झाला म्हणून सांगितलं. बाहेर अंगणात अजून लख्ख ऊन होतं.

सोमवारी एवारिस्तोने तपासनिसाला सोडा, अल्सर आणि गळका नळ, सगळं सांगितलं. प्रकरण पाराना शहरातल्या सरकारी कचेरीत गेलं आणि तिथेच रेंगाळत राहिलं. एवारिस्तोला मात्र धारेवरून काढून तळघरात कातडी खारवायच्या कामावर टाकलं. खाली रक्ताचं पाणी, सडका वास, हातांना मिठाने पडलेल्या चिरा. घरी गेल्यावर बायको त्याला अंगणातच कपडे काढायला लावायची.

वसंतात ओमार मुकादम झाला आणि एकदा नाकाला रुमाल लावून तळघरात उतरला.

"रविवारी ये ना खेळायला," तो म्हणाला. "तुझ्यावाचून मला भिडू नाही."

एवारिस्तो तेव्हा बैलाचं ओलं कातडं उचलत होता. ते काम दोघांचं. एक टोक त्याच्या हातात होतं, दुसरं चिखलात पडलेलं. ओमारने त्या टोकाकडे पाहिलं, मग आपल्या बुटांकडे.

एवारिस्तोने कातडं एकट्यानेच ढिगापर्यंत ओढत नेलं, गुडघे टेकून नीट पसरलं आणि त्यावर मीठ चोळायला घेतलं.